कॅम्पस गॅस-कोळशातून सोडवायचा तर आधी बॉयलर बघा, छत नंतर

ऊबदार_लॅब: विद्यापीठ हरित करायचं म्हटलं की सगळे सोलर पॅनेलच मोजतात. पॅनेल बसवाच, पण थंड हवेच्या ठिकाणी जुना सेंट्रल प्लांट असेल तर खरं इंधन बॉयलरमध्ये जळतं, वाफ जमिनीखालच्या पाइपांतून बिल्डिंगांना जाते, वाटेत उष्णता वाया जाते आणि त्याच वेळी लॅब नि सर्व्हर रूम थंड ठेवायला चिलर (पाणी थंड करणारी यंत्रं) चालू, त्यांची उष्णता कूलिंग टॉवरमधून हवेत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2015 ला गॅसचा प्लांट बंद केला आणि हीच वाया जाणारी उष्णता पकडून गरम पाण्याने बिल्डिंगांना परत दिली. वाफेच्या लाइनी काढून गरम पाण्याच्या टाकाव्या लागल्या, काम मोठं आहे, पण मुद्दा तिथेच आहे.

हिशोब_दाखवा: स्टॅनफर्डचं उदाहरण देऊ नका हो, तेवढे पैसे किती जणांकडे असतात? आणि वीज कोळशाची असेल तर काय? हीट पंप, म्हणजे अशी उष्णता पकडून पाणी गरम करणारं विजेचं यंत्र, एक युनिट विजेत तीन युनिट उष्णता देतो असं धरलं तरी कोळशाच्या विजेवर एका युनिट उष्णतेमागे साधारण 0.3 किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, चांगल्या गॅस बॉयलरला 0.25 च्या आत. म्हणजे खर्च करून प्रदूषण वाढवलंत.

ऊबदार_लॅब: हिशोब बरोबर आहे, मान्य. पण तो आजच्या ग्रिडचा. आज घेतलेला बॉयलर पुढची पंचवीस-तीस वर्षं गॅसच जाळणार, ग्रिडमध्ये मात्र सोलर-पवन वाढत जातं. आणि पैशांचं म्हणाल तर बॉल स्टेट हे अमेरिकेतलं सरकारी विद्यापीठ आहे, त्यांनी हीट पंपाला जमिनीतली उष्णता मिळावी म्हणून 2009 ला जमिनीत बोअर मारायला घेतले, हजारोंनी, आणि नंतर कोळशाचे जुने बॉयलर बंद केले. बॉयलर तसेही बदलायलाच आले होते. माझं म्हणणं एवढंच की जुना बॉयलर म्हातारा झाला की त्याच्या जागी नवा बॉयलर घ्यायचा नाही.

प्लांट_शिफ्ट: मी असल्याच प्लांटवर काम करतो म्हणून सांगतो, कागदावर सगळं सोपं दिसतं. जुन्या बिल्डिंगचे रेडिएटर 80 डिग्रीच्या पाण्यावर किंवा थेट वाफेवर बेतलेले, हीट पंपाला 50-55 सोयीचं, त्याच्या वर गेलात की पंप जास्त वीज खातो. म्हणजे आधी खिडक्या, इन्सुलेशन, रेडिएटर. आणि लॅबमधले फ्यूम हूड, म्हणजे घातक वाफा खेचून बाहेर टाकणारी कपाटं, रात्रभर गरम केलेली हवा बाहेर फेकत असतात, त्यांचं काच-शटर खाली ओढायची सवय लावली तरी फरक पडतो, फुकटात. हे झाल्याशिवाय पंप घेतला तर गरजेपेक्षा मोठा घेऊन बसाल. थंडीच्या सगळ्यात वाईट रात्रीसाठी एखादा गॅस बॉयलर बॅकअपला राहू द्या, त्याला नावं ठेवू नका.

हिशोब_दाखवा: हे पटलं. बॅकअप आणि इन्सुलेशन आधी असेल तर माझा निम्मा विरोध गेला. पण मग 'अमुक साली कार्बन शून्य' असं जाहीर करू नका. कॅलिफोर्निया विद्यापीठाने 2013 मध्ये 2025 चं कार्बन न्यूट्रल टार्गेट ठेवलं होतं आणि नंतर ते बदलावं लागलं.

ऊबदार_लॅब: तारीख हवीच, नाहीतर दर बजेटला पुढच्या वर्षी बघू होतं. फक्त ती शून्याची नको, प्रत्येक बॉयलरच्या निवृत्तीची लावा, आणि विकतच्या ऑफसेटने, म्हणजे दुसऱ्याने केलेली कार्बन कपात पैसे देऊन आपल्या नावावर लावून, ती गाठल्याचं दाखवायचं नाही.

प्लांट_शिफ्ट: बॉयलरनिहाय तारीख चालेल. ठरवताना आम्हाला खोलीत बसवा मात्र, पाइप कुठे गळतो ते आम्हालाच माहीत असतं.