पहिलं ओव्हरड्राइव्ह आणि पहिला डिले: निवड कशी करावी?

खर्जतार:

गिटार स्ट्रॅट पद्धतीची, तीन सिंगल कॉइल पिकअप. अ‍ॅम्प ३० वॅटचा, ट्रान्झिस्टरवाला, १२ इंची स्पीकर, इफेक्ट्स लूप (गेननंतर पेडल जोडायची सोय) नाही. क्लीन आवाज छान आहे, पण गेन चॅनल (खरखरीचा आवाज) डबीत माशी अडकल्यासारखं वाजतं. म्हणून खरखर पेडलमधूनच हवी आहे. रोजचा सराव खोलीत, हळू आवाजात. अधूनमधून ड्रम आणि बेसबरोबर.

ओव्हरड्राइव्हसाठी, म्हणजे खरखरीच्या पेडलसाठी, ट्यूब स्क्रीमर, बॉसचं ब्लूज ड्रायव्हर आणि प्रोकोचं रॅट ही तीन नावं डोक्यात आहेत. व्हिडिओंमध्ये तिन्ही आवडतात आणि तिन्ही जवळपास सारखीच वाटतात. डिले (स्वराचे प्रतिध्वनी देणारं पेडल) अ‍ॅनलॉग घ्यावा की डिजिटल? आणि ‘ट्रू बायपासच घे’ (बंद केल्यावर सिग्नल आतल्या सर्किटला न शिवता थेट पुढे सोडणारं पेडल) असं जिथे तिथे वाचायला मिळतं, ते खरंच इतकं महत्त्वाचं आहे का? पेडल हातात घेऊन अर्धा तास वाजवायला मिळालं तर नेमकं काय तपासावं?

सोल्डरगन:

ही तिन्ही एका जातीची नाहीत. नावं बाजूला ठेवून आतलं सर्किट सिग्नलचं काय करतं ते बघितलं की निवड सोपी होते.

ट्यूब स्क्रीमरमध्ये डायोड (सिग्नलला मर्यादा घालणारे भाग) ऑप-अँपच्या, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या, फीडबॅकमध्ये बसवलेले असतात. त्यामुळे लाटेचे शेंडे सपाट छाटले न जाता गोलसर दबतात आणि मूळ सिग्नलचा थोडा अंश खरखरीखाली शाबूत राहतो. पण या पेडलचा खरा स्वभाव डायोडमध्ये नाही. तो शेजारच्या ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरमध्ये आणि ०.०४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये आहे. गणित केलं तर ही जोडी ७२० हर्ट्झला येते. त्याच्या खाली जावं तसा गेन (सिग्नलची वाढ) उतरत जातो, म्हणजे खर्ज खरखरीत फारसा शिरतच नाही. पुढचा टोनचा फिल्टर वरची बाजू, म्हणजे तीव्र स्वर, उतरवायला साधारण तिथूनच सुरुवात करतो. मग उरतो मधल्या पट्टीतला, म्हणजे खर्ज आणि तीव्र यांच्या मधल्या स्वरांतला, उंचवटा. ड्रम आणि बेसच्या गर्दीत गिटार वर काढतो तो हाच. खोलीत एकट्याने वाजवताना मात्र तोच आवाज नाकातून आल्यासारखा वाटतो. तापलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला पुढे ढकलायचं असेल तर हे पेडल फार सुंदर काम करतं. तुमच्या क्लीन ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये ढकलण्यासारखं काही नाही, त्यामुळे त्याची निम्मी गंमत तुम्हाला मिळणारच नाही.

(ट्यूब स्क्रीमरचं ८०८ मॉडेल की टीएस-९ या वादात पडू नका. सर्किटमधला मुख्य फरक आउटपुटच्या दोन रेझिस्टरांचा आहे: ८०८ मध्ये १०० ओहम आणि १० किलोओहम, टीएस-९ मध्ये ४७० ओहम आणि १०० किलोओहम. त्यासाठी जास्त पैसे मोजणं मला पटत नाही.)

रॅटमध्ये डायोड ग्राउंडला जोडलेले असतात, म्हणून शेंडे थेट कापले जातात. जुन्या रॅटमध्ये एलएम ३०८ ही चिप होती, नंतरच्या बऱ्याच पेडलांत ओपी ०७ आहे. दोन्ही संथ चिपा, साधारण ०.३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. जास्त गेनवर त्यांना तीव्र स्वरांचा वेग गाठता येत नाही आणि कडा आपोआप बोथट होतात. क्लीन अ‍ॅम्पपुढे हे पेडल स्वतःच्या बळावर पूर्ण आवाज देतं. एक गोष्ट मात्र वाजवायच्या आधीच ध्यानात ठेवा: त्याचा फिल्टर नॉब उलटा चालतो. घड्याळाच्या दिशेने फिरवला की तीव्र स्वर कमी होतात. बरेच जण तो नेहमीच्या टोन नॉबसारखा फिरवतात आणि ‘कर्कश आहे’ म्हणून पेडल परत ठेवतात. डिस्टॉर्शन ९ वाजता आणि फिल्टर २ वाजता (नॉबची खूण घड्याळाच्या तासकाट्यासारखी धरून) ठेवून सुरुवात करा; तिथे रॅट चक्क ओव्हरड्राइव्हसारखं वागतं.

ब्लूज ड्रायव्हर मधली पट्टी फार फुगवत नाही, खर्जही बराचसा तसाच सोडतं, आणि पिकचा जोर कमीजास्त झाला की लगेच प्रतिसाद देतं. सिंगल कॉइलबरोबर वरची बाजू टोचते, तेव्हा टोन १० वाजेपर्यंत खाली आणावा लागतो.

तुमच्या मांडणीत पहिलं पेडल ब्लूज ड्रायव्हर किंवा रॅट असावं. ट्यूब स्क्रीमर नंतर कधी आलंच तर ते त्यांच्या आधी लावा, ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल वर. तिथे तुमच्याकडे नसलेल्या तापलेल्या अ‍ॅम्पची जागा पुढचं पेडल घेतं.

कानसेन:

सर्किटबद्दल वर सगळं आलंच आहे. मी फक्त तुलनेबद्दल लिहितो, कारण बहुतेकांची चूक तिथेच होते.

आधी आवाज समान करा, मग ऐका. एक डेसिबलचा फरक कानाला ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, ‘भरीव’ म्हणून जाणवतो, आणि आपण त्या पेडलला पसंती देऊन मोकळे होतो. सोपं उदाहरण म्हणजे सिलिकॉन डायोड आणि एलईडी यांत निवड करायची कळ असलेली पेडल. ग्राउंडला जोडलेला सिलिकॉन डायोड साधारण ०.६ व्होल्टला सिग्नल कापतो, लाल एलईडी १.७ च्या आसपास. साहजिकच एलईडीवर टाकलं की आवाज दुपटीहून मोठ्या व्होल्टेजने बाहेर येतो. ‘एलईडी जास्त मोकळं वाजतं’ या म्हणण्यात बराचसा वाटा निव्वळ त्या वाढीव आवाजाचा असतो. कळ बदलली की व्हॉल्यूम खाली आणून पुन्हा ऐका, मग काय मत होतं ते बघा.

आवाज जुळवायला फोनवरचं आवाज मोजण्याचं अ‍ॅप पुरतं. त्याचा आकडा खरा नसला तरी चालतो. दोन पेडलमधला फरक तेवढा बघायचा आहे. फोन अ‍ॅम्पपासून एक मीटरवर ठेवा आणि जागचा हलवू नका. अ‍ॅम्पचा रिव्हर्ब बंद, तिन्ही टोन नॉब मध्यावर.

लूपर (वाजवलेलं भरून घेऊन पुन्हा पुन्हा ऐकवणारं पेडल) मिळाला तर तो सगळ्यांच्या आधी, गिटारला लागून जोडा. वीसेक सेकंदांचा तुकडा भरून घ्या: सहाही तारांचा खुला ई मेजर, मग जाड तारांवर पॉवर कॉर्ड, मग बाराव्या पट्टीच्या (फ्रेटच्या) वर एकेक स्वर, शेवटी पिक बाजूला ठेवून बोटांनी हळुवार. आता गिटार खाली ठेवा आणि दोन्ही हातांनी नॉब फिरवा. प्रत्येक पेडलला अगदी तेच वादन मिळतं, त्यामुळे ‘या वेळी मी जरा चांगलं वाजवलं’ हा घोळ उरत नाही. मात्र यात स्पर्श कळत नाही. म्हणून उरलेला अर्धा वेळ हाताने वाजवा, आणि तेव्हा या तीन गोष्टी बघा.

पहिली: ई मेजर वाजवत राहा आणि ड्राइव्ह हळूहळू वाढवा. तिसऱ्या तारेच्या पहिल्या पट्टीवर जी शार्प आहे; ई ला षड्ज धरलं तर हा शुद्ध गंधार. सगळ्यात आधी गढूळ होतो तो हाच. ई आणि बी ही षड्ज-पंचमाची जोडी बराच वेळ तग धरते. गंधार ओळखू येईनासा होतो तिथे त्या पेडलची कॉर्डपुरती मर्यादा संपली. नॉब कुठे आहे ते लिहून ठेवा आणि दुसऱ्या पेडलवर तीच जागा शोधा.

दुसरी: त्याच सेटिंगवर गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ६ वर आणा. आवाज स्वच्छ होतो, की नुसता बारीक होऊन तसाच खरखरत राहतो? एकाच ओव्हरड्राइव्हवर सगळं भागवायचं असेल तर माझ्या मते ही कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे.

तिसरी: एक स्वर वाजवून सोडून द्या आणि तो पूर्ण विझेपर्यंत ऐका. शेपूट सलग उतरते की शेवटी तुटक फुरफुरते?

एवढं झालं की अ‍ॅम्प मोठा करून सगळं परत ऐका. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि तीव्र स्वर कमी ऐकू येतात, म्हणून खोलीत आपण दोन्ही वाढवून ठेवतो. तेच नॉब ड्रमबरोबर लावले की खर्ज गढूळ होतो आणि टोक कानाला टोचतं. खोलीसाठी आणि बँडसाठी वेगळी सेटिंग ठेवावी लागते, ते पेडलचा दोष मानू नका.

प्रतिध्वनी:

डिलेबद्दल.

अ‍ॅनलॉग डिलेचा आवाज दबका का असतो हे कळलं की निवड होते. बकेट-ब्रिगेड चिपमध्ये सिग्नल एका कप्प्यातून पुढच्यात ओतत नेतात, पाणी बादल्यांनी हातोहात पुढे द्यावं तसा. ४०९६ कप्प्यांच्या एमएन ३००५ मधून ३०० मिलिसेकंद काढायचे तर घड्याळ (कप्पे पुढे सरकवणारे ठोके) साधारण ६.८ किलोहर्ट्झवर आणावं लागतं. त्याच्या निम्म्याहून, म्हणजे ३.४ किलोहर्ट्झहून वरचा स्वर त्यातून नीट जाऊच शकत नाही, म्हणून फिल्टर लावून तो आधीच कापतात. वेळ लांबवली की घड्याळ मंदावतं आणि आवाज आणखी काळोखतो. बॉसच्या १९८१ च्या डीएम-२ मध्ये ३०० मिलिसेकंदांचीच मर्यादा होती. १९८३ च्या डिजिटल डीडी-२ ने ती ८०० वर नेली.

आता तुमच्या गाण्यांची लय घ्या. ६०,००० ला बीपीएमने (मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांनी) भागलं की एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. १२० ला ५०० येतात, आणि पाऊण ठोक्याचा डिले हवा असेल तर ३७५. म्हणजे ३०० वाला डिले इथेच हात टेकतो. लयीत बसणारे डिले वाजवायचे असतील तर टॅप टेम्पो (पायाने ठोके देऊन वेळ ठरवायची सोय) असलेला डिजिटल घ्या. गाण्यामागे नुसता खोलपणा हवा असेल तर अ‍ॅनलॉग. त्याचे दबके प्रतिध्वनी मागे राहतात आणि वादनाच्या आड येत नाहीत. डिजिटलचे स्वच्छ प्रतिध्वनी मूळ स्वरांवर आदळतात, म्हणून मिक्स (प्रतिध्वनींचं प्रमाण) ९-१० वाजण्यापलीकडे नेऊ नका. प्रतिध्वनींसाठी वेगळा टोन नॉब असलेला डिजिटल मिळाला तर पहिला डिले म्हणून मी तोच सुचवेन.

डिले ओव्हरड्राइव्हच्या नंतर लावा. आधी लावला तर विझत चाललेले प्रतिध्वनी ओव्हरड्राइव्ह पुन्हा वर उचलतं आणि सगळा लगदा होतो. अ‍ॅम्पचं गेन चॅनल तुम्ही वापरत नाही, त्यामुळे लूप नसल्याने तुमचं काही अडत नाही.

सोल्डरगन:

ट्रू बायपासचं राहिलं होतं. केबलची कपॅसिटन्स दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा. पिकअप २.५ हेन्रीचा असेल तर ६ मीटर केबलवर त्याचा रेझोनन्स (जिथे तो सर्वांत जोरात वाजतो ती जागा) सुमारे ४,१०० हर्ट्झला येतो. पेडलनंतर आणखी ६ मीटर जोडली आणि दोन्ही पेडल ट्रू बायपास असून बंद असली, तर तो २,९०० च्या आसपास घसरतो. ‘पेडल जोडल्यापासून क्लीन आवाज मंद झाला’ म्हणतात तो हा. आत बफर (पुढच्या केबलचा भार पिकअपवर येऊ न देणारं सर्किट) असेल तर पेडल बंद असतानाही पिकअपला फक्त पहिलीच केबल दिसते. बॉसच्या कॉम्पॅक्ट पेडलांत बफर असतोच. तेव्हा ब्लूज ड्रायव्हर घेतलंत तर हा प्रश्न तिथेच मिटला.

बफर नडतो तो मुख्यतः फझ फेससारख्या पेडलला. त्याला थेट पिकअपच लागतो. मध्ये बफर आला की आवाज करवतीसारखा होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी केला तरी स्वच्छ होत नाही. आणि ट्रू बायपास डिले बंद केला की प्रतिध्वनी कात्रीने कापल्यासारखे तुटतात. ते विझेपर्यंत ऐकू यायला हवे असतील तर बफर असलेलाच डिले लागेल.

खर्जतार:

ब्लूज ड्रायव्हर आणि टॅप टेम्पोचा डिजिटल डिले, असं जवळपास ठरलं. घरात ९ व्होल्ट, ५०० मिलिअँपचा अ‍ॅडाप्टर पडून आहे. दोन टोकांची वायर लावून दोन्ही पेडल त्यावर चालतील का?

नऊ व्होल्ट:

अ‍ॅडाप्टरवरचं चिन्ह आधी बघा. बहुतेक पेडलांना मधली पिन निगेटिव्ह लागते. घरातल्या इतर उपकरणांच्या अ‍ॅडाप्टरला ती बऱ्याचदा पॉझिटिव्ह असते. दुसरं, तो रेग्युलेटेड (व्होल्टेज स्थिर ठेवणारा) आहे का? मीटर लावून, काहीही न जोडता मोजा. ९ च्या जागी १२-१३ व्होल्ट दिसले तर तो वापरू नका.

करंट जास्त असल्याने नुकसान होत नाही, पेडल लागेल तेवढाच ओढतं. ओव्हरड्राइव्हला १०-२० मिलिअँप पुरतात. डिजिटल डिलेला मॉडेलप्रमाणे ५० पासून ३०० पर्यंत लागू शकतात, आकडा पेडलच्या तळाशी असतो. बेरीज ४०० च्या आत ठेवा.

खरी अडचण वेगळीच आहे. डिजिटल पेडलच्या आतलं घड्याळ सप्लायच्या वायरीत बारीक शिट्टी सोडतं आणि एकाच वायरीवरचं ओव्हरड्राइव्ह ती वाढवून पुढे पाठवतं. खात्री करायची तर ओव्हरड्राइव्हला ९ व्होल्टची बॅटरी लावा आणि त्याची सप्लायची पिन काढून ठेवा. शिट्टी गेली तर दोष वायर वाटून घेण्याचा. डिलेला वेगळा अ‍ॅडाप्टर द्या किंवा आयसोलेटेड (एकमेकांपासून वेगळ्या ठेवलेल्या) आउटपुटवाला सप्लाय घ्या. शिट्टी तशीच राहिली तर डिले काढून बघा. घूं असा जाड आवाज असेल तर तो सिंगल कॉइलचा आहे; गिटार हातात धरून जागच्या जागी फिरा, एका दिशेला तो कमी होईल.

बॅटरीवर चालवलंत तर वाजवून झाल्यावर इनपुट जॅकमधली पिन काढून ठेवा. बॅटरीचं निगेटिव्ह त्या जॅकमधूनच जोडलं जातं, त्यामुळे पेडल पायाने बंद केलं तरी पिन आत असेपर्यंत बॅटरी उतरत राहते.