परक्या गळ्यातले ‘इत्सुमो नान्दोदेमो’ : तुमचे अनुभव सांगा

दिग्दर्शक मियाझाकी हायाओ यांचा ‘स्पिरिटेड अवे’ हा अ‍ॅनिमेशनपट २० जुलै २००१ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला. त्याच्या अखेरीस श्रेयनामावलीवर वाजणारे ‘इत्सुमो नान्दोदेमो’ हे गीत मात्र माझ्यापर्यंत चित्रपटातून आले नाही. एका अनोळखी मुलीने आपल्या खोलीत बसून संतूरच्या साथीवर गायलेले कव्हर, म्हणजे मूळ गाणे दुसऱ्याने आपल्या परीने गाऊन केलेले रूप, मी प्रथम ऐकले. मागे पंख्याची घरघर होती, दुसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला तिचा श्वास अपुरा पडत होता, आणि तरीही त्या रात्री मी ते चार वेळा ऐकले. मूळ गाणे शोधले ते आठवड्याने. किमुरा युमी यांनी ते स्वतः रचले व गायले आहे, शब्द काकु वाकाको यांचे आहेत (आडनाव खरोखरच काकु आहे), आणि साथीला लायर हे मांडीवर घेऊन वाजवायचे लहानसे तंतुवाद्य आहे. ते ऐकल्यावर संतूरची निवड किती जाणतेपणाने केली होती हे कळले. दोन्ही वाद्यांत उमटलेला सूर लगेच विरू लागतो, तो ओढून धरता येत नाही, आणि त्यामुळे दोन आघातांमधली जागा गळ्याला एकट्याने सांभाळावी लागते.

या गाण्याची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. मियाझाकींचा आधीचा चित्रपट ‘प्रिन्सेस मोनोनोके’ पाहून भारावलेल्या किमुरा यांनी मियाझाकींना पत्र लिहिले. तेव्हा मियाझाकींच्या मनात रिन नावाच्या, धुराडी रंगवणाऱ्या मुलीचा चित्रपट घोळत होता, आणि हे गीत त्या कल्पनेसाठी तयार झाले. तो चित्रपट बारगळला, गाणे तसेच पडून राहिले आणि पुढे ‘स्पिरिटेड अवे’च्या शेवटी त्याला जागा मिळाली. म्हणजे हे गाणे मुळातच एका घरासाठी बांधलेले आणि दुसऱ्या घरी नांदायला गेलेले आहे, आणि कदाचित म्हणूनच ते तिसऱ्या-चौथ्या घरीही अवघडत नसावे.

हे गाणे किंवा अशाच एखाद्या जपानी अ‍ॅनिमेशनपटाचे गीत दुसऱ्या कोणाकडून ऐकताना, किंवा स्वतः गाता-वाजवताना, तुम्हाला काय आढळले ते सविस्तर लिहावे. ‘अंगावर काटा आला’ एवढ्यावर थांबू नये. काटा नेमका कोणत्या जागी आला ते सांगावे.

डोंबिवलीहून

मी सात वर्षे बासरी शिकतो आहे आणि हे गाणे वाजवून ध्वनिमुद्रित करण्याचा खटाटोप मी स्वतः केला, म्हणून आधी चुका सांगतो. गाण्याची सुरुवात सा रे ग सा अशी जवळजवळ बाळबोध पावलांनी होते आणि तिथून एकदम पंचमावर उडी आहे. आमच्या हाताला सवय अशी, की सा आणि पंचम यांच्यामध्ये मोकळी जागा दिसली की तिथे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, आलीच. मी ती घेतली, आणि मला ती फार सुंदर वाटली. माझ्या गुरूंनी हे गाणे कधी ऐकले नव्हते. त्यांनी मूळ गाणे दोनदा शांतपणे ऐकले, मग माझे ऐकले आणि म्हणाले, “ती बाई पंचमावर जाऊन उभी राहते. तू घसरत घसरत जातोस.” त्यानंतर मींड काढून टाकून वाजवायला मला तीन आठवडे लागले, कारण अलंकार न करणे हे बोटांना शिकवावे लागते.

दुसरी चूक तबल्याची. गाणे तीनच्या गतीत आहे, म्हणून मित्राने साहजिकच दादरा हा सहा मात्रांचा ताल धरला. पण धा धी ना धा ती ना सुरू झाल्याबरोबर गाण्याला एक लाडिक झुलवा आला, जो मुळात नाही. तबला गेला. मग तानपुरा लावून पाहिला. तेव्हा लक्षात आले, की या चालीखालचे स्वरसमूह सतत बदलत असतात, आणि षड्ज-पंचम अखंड वाजत राहिले की त्या बदलांच्या छटा झाकल्या जातात. एकच ओळ उजेडातून सावलीत जाते ते ऐकूच येत नाही. शेवटी शेजारच्या मुलाने गिटारवर तीन-तीन स्वर सुटे छेडले आणि मी वर साधी चाल वाजवली. ते मुद्रण बासरी या वाद्याचे काही फार मोठे दर्शन घडवत नाही, पण गाणे त्यात शाबूत आहे.

पुण्याहून

पुण्यात जपानी शिकण्याची परंपरा जुनी आहे. रानडे इन्स्टिट्यूट, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आणि गल्लोगल्लीचे खासगी वर्ग यांतून दर वर्षी शेकडो विद्यार्थी तयार होतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी हे गाणे कधी ना कधी स्नेहसंमेलनात गायलेले असते. मी शिकवते, त्यामुळे अशी कव्हरे मी पुष्कळ ऐकली आहेत. मराठी गळा पहिल्याच शब्दात ओळखू येतो. ‘योन्देइरु’ यात जपानी कानाला पाच ठोके ऐकू येतात: यो, न्, दे, इ, रु. त्यातला ‘न्’ हा स्वतंत्र ठोका आहे आणि त्याला चालीत स्वतःचा स्वर दिलेला आहे. आपण तो अनुस्वारासारखा मागच्या अक्षरात मिसळून ‘योंदे’ म्हणतो, एक स्वर मोकळा पडतो, आणि मग ‘यो’ लांबवून ती जागा भरली जाते. ऐकणाऱ्या जपानी पाहुण्यांना हे खटकत नाही, उलट गोड वाटते. परंतु मला खटकते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघींनी हे गाणे मराठीत गाण्याजोगे करायचे ठरवले. अर्थ समजून घेणे सोपे गेले, बसवणे कठीण गेले. त्या पहिल्या पाच ठोक्यांसाठी ‘हाक येते’ घेतले तर एक स्वर उरतो. ‘साद घालते’ घेतले तर अक्षरे पाच होतात, पण बोलताना आपण ‘घाल्ते’ म्हणतो आणि गाताना ‘ल’ पूर्ण उच्चारावा लागतो. जुन्या ओव्या म्हणताना आपण तो तसा उच्चारतोच, हे आमच्यातल्या एकीने दाखवून दिले, आणि ‘साद घालते’ कायम झाले. लांब धरायच्या शेवटच्या स्वरावर ‘ते’ आले, हा योगायोग आम्हाला फार आवडला. शीर्षकाने मात्र हरवले. मूळ शब्दांचा अर्थ ‘नेहमी, कितीही वेळा’ असा आहे. इंग्रजी शीर्षकात त्याचे ‘नेहमी माझ्यासोबत’ झाले, आणि त्यात सोबत आली पण पुन्हा पुन्हा करण्याची चिकाटी गेली. आम्ही ‘पुन्हा पुन्हा’ असे ठेवले आहे आणि त्यावर चौघींचे अजून एकमत नाही.

हे सगळे करताना मूळ गीताविषयीचा आदर वाढला. दुःखे मोजता न येण्याइतकी आहेत, असे ते गाणे पहिल्या मिनिटातच सांगते, आणि तेही कुठेही आवाज न चढवता, भाजी निवडताना बोलावे तशा सुरात.

नागोयाहून

माझा अनुभव दुसऱ्या गाण्याचा आहे. ‘लापुता’ या १९८६ च्या चित्रपटातले ‘किमि ओ नोसेते’ हे गीत मुळात इनोउए आझुमी यांनी गायले आहे. शब्द स्वतः मियाझाकींचे, संगीत हिसाइशी जो यांचे. जपानी शाळांमध्ये ते समूहगान म्हणून सर्रास गायले जाते. येथील माध्यमिक शाळांत वर्गावर्गांमध्ये समूहगानाची स्पर्धा होते. माझा मुलगा तेरा वर्षांचा होता, आवाज नुकताच फुटला होता, म्हणून त्याला मुलग्यांच्या खालच्या पट्टीतल्या भागात घातले होते. महिनाभर तो घरात फक्त आपला भाग घोकत असे. ती चाल इतकी नीरस होती, एकाच स्वरावर रेंगाळणारी, मग उगाच दोन पायऱ्या उतरणारी, की त्याला बेसूर ठरवून मी दोनदा टोकलेही. गाणे माझ्या ओळखीचे होते, पण हे तेच गाणे आहे अशी शंकासुद्धा मला आली नाही.

स्पर्धेच्या दिवशी मुलींनी वरची चाल सुरू केली आणि तिच्याखाली ती कंटाळवाणी ओळ येऊन बसली, तेव्हा महिनाभर मी घराचा फक्त पाया पाहत होते हे समजले. आपण गाणे म्हणजे एक चाल असे मानून वाढलो. भजनी मंडळात पन्नास माणसे असली तरी चाल एकच असते. त्यामुळे एकाच वेळी तीन ओळी ऐकायच्या तर कान कुठे ठेवावा हे मला कळेना. मी तो मुलाच्या ओळीवर ठेवला. सभागृहातल्या इतर कोणी ती वेगळी ऐकली असेल असे वाटत नाही. त्यांच्या वर्गाचा क्रमांक आला नाही, आणि मी त्याची क्षमा मागितली ती टोकल्याबद्दल.

नागपूरहून

‘युअर नेम’ (२०१६) मधले ‘नान्देमोनाइया’ हे रॅडविम्प्स या बँडचे गाणे आहे. त्याचे मला सर्वांत जवळचे वाटणारे कव्हर कामिशिराइशी मोने यांचे आहे, आणि चित्रपटात मित्सुहा या नायिकेला आवाजही त्यांनीच दिलेला आहे. त्यामुळे त्या गाण्याचा अर्थच थोडा सरकतो. बँडचे गायक नोदा योजिरो गातात तेव्हा ते नायकाचे मनोगत वाटते. मोने गातात तेव्हा ज्या मुलीला आपण दोन तास बोलताना ऐकले, तीच आता उत्तर देते आहे असे वाटते. शब्द तेच असूनही. याहून अधिक विश्लेषण मला जमत नाही.

कोल्हापूरहून

थोडा विरोधी सूर लावतो. वरील बासरीवाल्यांनी मींड काढली हे उत्तम केले, परंतु सर्वांना तेवढा संयम नसतो. ‘इत्सुमो नान्दोदेमो’ची मी ऐकलेली बरीचशी कव्हरे शेवटच्या कडव्यात व्हायोलिनांचा ताफा, ढोलांचा गडगडाट आणि अर्धा स्वर वर चढवलेली पट्टी यांनी संपतात. मूळ गाणे जसे सुरू होते तसेच संपते, एक गळा आणि एक वाद्य. गायिकेचा आवाज चांगला असला की तो दाखवण्याचा मोह होतो, हे समजू शकते. पण ज्या गाण्याला टाळ्या नको आहेत त्याच्याकडून त्या वसूल करू नयेत. शिवाय ज्यांना जपानी येत नाही त्यांनी उच्चार तरी एकदा कोणाकडून तपासून घ्यावेत.

(कोल्हापूरकर, आपले म्हणणे पट्टी चढवण्यापुरते मला शंभर टक्के मान्य आहे. संतूरवाल्या मुलीने शेवटचे कडवे पहिल्यापेक्षा हळू म्हटले होते, हे आपल्यामुळे आठवले. उच्चारांच्या बाबतीत मात्र मी थोडी सैल आहे.)

पिट्सबर्गहून

येथून गाडीने तासाभरात वेस्ट व्हर्जिनिया लागते आणि तिकडे वळलेल्या प्रत्येक सहलीत जॉन डेन्व्हर यांचे १९७१ चे ‘कंट्री रोड्स’ कोणीतरी लावतेच. एकदा माझ्या मुलीने त्याऐवजी ‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’ या १९९५ च्या चित्रपटातले त्याचे जपानी रूप लावले. कोन्दो योशिफुमी दिग्दर्शित या चित्रपटाची गंमत अशी, की तो ऑलिव्हिया न्यूटन-जॉन यांच्या कव्हरने सुरू होतो आणि नायिका शिझुकुचा आवाज असलेल्या होन्ना योको यांच्या जपानी कव्हरने संपतो. आणि मधल्या कथेत शिझुकु स्वतः त्या गाण्याचे भाषांतर करत बसलेली असते, कधी गंभीरपणे तर कधी ‘काँक्रीट रोड’ असे विडंबन करत. व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलाच्या साथीने ती लाजत लाजत गाऊ लागते आणि तीन म्हातारे आपापली वाद्ये घेऊन सामील होतात, तो प्रसंग मी कितीदा पाहिला असेल याची मोजदाद नाही.

जपानी शब्द सुझुकी मामिको यांचे आहेत, आणि मुलीने गाडीत त्यांचा अर्थ सांगितला तेव्हा मी रस्त्याच्या कडेला थांबलो नाही इतकेच. मूळ गाणे रस्त्याला म्हणते, मला घरी ने. जपानी गाणे म्हणते, हा रस्ता माझ्या गावाला जातो हे मला ठाऊक आहे, परतावेसे वाटते, पण परतता येत नाही, तर आता निरोप घेतो. चाल तीच, उत्साहही तोच, आणि दिशा नेमकी उलटी. साताऱ्याहून येऊन येथे अठरा वर्षे झालेल्या माणसाला यांतले कोणते गाणे खरे वाटावे, हे मी मुलीला सांगितले नाही. पूर्वी या गाण्याचे जपानी रूप म्हणजे केवळ नक्कल असे मी समजत होतो, एवढे कबूल करतो.

चिपळूणहून

माझ्या आईला जपानी येत नाही आणि तिने ‘स्पिरिटेड अवे’ही पाहिलेला नाही. माझी बहीण ‘इत्सुमो नान्दोदेमो’ युकुलेलेवर बसवत असताना ते आईच्या कानावर पडले. त्या गाण्याच्या मध्यात एक संपूर्ण कडवे नुसत्या ‘ला ला’ आणि ‘रु रु’ अशा अक्षरांचे आहे, आणि आईने तेवढेच उचलले. सध्या ती ते माझ्या आठ महिन्यांच्या मुलीसाठी पाळण्याशी म्हणते. लय दोरीच्या झोक्यावर ठरते, त्यामुळे ती मूळ गाण्यापेक्षा बरीच संथ आहे, आणि झोका परत येताना मिळणारी जादाची क्षणभर जागा ती एका लांबवलेल्या ‘रु’ने भरते, जो किमुरा यांच्या गाण्यात कुठेही नाही. वरील कोल्हापूरकरांना हे चालेल की नाही ते त्यांनी सांगावे. बहिणीने तिला शब्दांची कडवी शिकवण्याचा दोनदा प्रयत्न केला, वहीत देवनागरीत लिहूनही दिली, परंतु त्यांची अजून वेळच आलेली नाही, कारण नात त्याआधीच झोपते.