मदत हवी आहे: विकिपीडियावर एकच माणूस तीन खात्यांनी लिहितोय, सिद्ध कसं करू?

रानवाट: एका घराण्यावरच्या लेखात तीन खाती तोच मजकूर परत परत घालतायत. डुआयडी (एकाच माणसाची जादा खाती) आहेत हे उघड दिसतंय. त्यांचा आयपी (इंटरनेट पत्ता) कुठे बघायचा? लवकर सांगा.

ताम्हण: कुठला विकिपीडिया? मराठी की इंग्रजी? खाती कधीची?

रानवाट: मराठीच. दिवाळीपासून चालू आहे. आयपीचं सांगा ना.

शेवंती_क: नोंदणीकृत खात्याचा आयपी तुम्हाला दिसत नाही, प्रचालकालाही (अ‍ॅडमिनलाही) नाही. तो चेकयूजरला, म्हणजे आयपी तपासायचा खास अधिकार असलेल्या सदस्याला दिसतो आणि मराठी विकीवर स्थानिक चेकयूजर नाहीत. मेटा-विकीवर (सगळ्या विकींच्या सामायिक कामाची साइट) प्रतिपालकांकडे, म्हणजे सगळ्या विकींवर अधिकार असलेल्या स्टुअर्डकडे, चेकयूजरची विनंती टाका, इंग्रजीत. नुसता संशय लिहिलात तर फेटाळतील, फरकांचे (दोन आवृत्त्यांच्या तुलनेचे) दुवे हवेत.

ताम्हण: तपासणीसाठीची माहिती ९० दिवसच राहते. तिन्ही खाती अजून लिहितायत का?

रानवाट: दोन चालू आहेत. तिसरं डिसेंबरपासून गप्प.

ताम्हण: मग आता एप्रिलमध्ये तिसऱ्याचं तांत्रिक काही हाती लागणार नाही. हे आधी सांगायला हवं होतं. त्याच्यासाठी फक्त लेखनाची लकब उरते.

गोदाकाठ: एवढं कशाला? लेख अर्धसुरक्षित करून घ्या, म्हणजे अगदी नव्या खात्यांना बदलता येणार नाही.

शेवंती_क: खाती दिवाळीपासूनची आहेत, अर्धसुरक्षेतून सहज आत येतील. उपयोग शून्य.

गोदाकाठ: मग पूर्ण सुरक्षित करा, फक्त प्रचालकांनाच बदलता येईल असा.

शेवंती_क: म्हणजे चूक दुरुस्त करणाराही बाहेर. शिवाय त्या क्षणी जी आवृत्ती असेल तीच गोठते.

पाणपोई: तिन्ही खाती एकत्र करून टाकायला सांगा की.

ताम्हण: विकिमिडियात खाती एकत्र करायची सोय नाही. रानवाट, तीन गोष्टी शोधा. तीच अशुद्ध लेखनाची चूक (‘ऐतीहासीक’सारखी), संपादन सारांशाची (बदलासोबत लिहायच्या टीपेची) तीच ठेवण, आणि एकाचं तिसरं उलटवणं (दुसऱ्याचा बदल रद्द करणं) झालं की दुसरं खातं पुढे येतं का. ही तिसरी सगळ्यात बोलकी, कारण डुआयडी काढला जातो तो बहुधा २४ तासांत तीनदा उलटवण्याची मर्यादा चुकवायला किंवा चर्चेत मतं वाढवायला. इंटरॅक्शन टाइमलाइन या ऑनलाइन साधनात विकी आणि दोन नावं घातली की दोघांची संपादनं वेळेनुसार समोरासमोर दिसतात. विनंतीत वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहा, भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा.

माळढोक: विकिपीडिया कार्यशाळेत एकाच आयपीवरून लिहिणारी मुलं नसतील कशावरून? एका आयपीवरून दिवसाला ६ च खाती उघडता येतात, त्यामुळे महाविद्यालयात सूट मागावी लागते. ती सूट कार्यशाळेआधीच मागावी...

शेवंती_क: माळढोक, त्याला वेगळा धागा काढा. पण मुद्दा खरा आहे, एक आयपी म्हणजे एक माणूस नव्हे. मोबाइल डेटावर एका आयपीमागे शेकडो ग्राहक असतात. जाहीर केलेलं दुसरं खातंही चालतं, म्हणून आधी तिघांची सदस्यपानं वाचा.

ताम्हण: तुम्ही स्वतः किती वेळा उलटवलंत?

रानवाट: काल पाच. पण मजकूर खोटा आहे हो!

ताम्हण: असू दे, आधी थांबा. नाहीतर पहिली बंदी तुमच्यावर येईल. त्यांचं खरं नाव, नोकरी शोधून चर्चा पानावर टाकू नका, त्यानेही बंदी येते. संदर्भाचा वाद चर्चा पानावर वेगळा मांडा, खात्यांचा प्रश्न चावडीवर (विकीच्या सामायिक चर्चेच्या पानावर).

रानवाट: थांबलो. फरकाचा दुवा कुठून घेऊ? लेखाचाच पत्ता येतोय.

शेवंती_क: ‘इतिहास’मध्ये दोन आवृत्त्यांसमोरचे गोल निवडून तुलनेचं बटण दाबा. उघडलेल्या पानाच्या पत्त्यात आवृत्तीचा लांब आकडा दिसला पाहिजे. आठ-दहा पुरेत, प्रत्येकाखाली एका ओळीत इंग्रजी अर्थ द्या. प्रतिपालकांना मराठी येत असेलच असं नाही.