मदत हवी आहे: वसतिगृहाच्या सांडपाण्यासाठी रूट झोन, आडवा प्रवाह की उभा?

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहासाठी सांडपाण्याची सोय करायची आहे. साधारण २०० जणी राहतात. सेप्टिक टाकीतून बाहेर पडणारं पाणी आज सरळ ओढ्यात जातं आणि ओढ्याच्या काठावरच खालच्या वाडीची विहीर आहे. खडीचा वाफा करून त्यात कर्दळ आणि पाणकणीस लावायचं (यालाच रूट झोन म्हणतात), इथवर सगळ्यांचं एकमत आहे. विजेचा भरवसा नसल्याने हवा सोडणारी यंत्रं परवडणार नाहीत.

प्रश्न वाफ्याच्या प्रकाराचा आहे. पाणी स्वच्छ करताना आपण हवेत काय सोडतो, हेही मला बघायचंय. आयपीसीसी या हवामान बदलावरील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१३ च्या पाणथळ जागांवरील पुरवणीत अशा वाफ्यांचं वेगळं प्रकरण आहे. त्यातला मिथेनचा गुणक (जास्तीत जास्त शक्य मिथेनपैकी किती भाग प्रत्यक्षात तयार होतो) उघड्या पाण्याच्या तळ्याला ०.४, खडीखालून आडव्या वाहणाऱ्या पाण्याला ०.१ आणि वरून खाली झिरपणाऱ्याला ०.०१ आहे. म्हणजे उभा प्रवाह उत्तम. नायट्रस ऑक्साइडचं चित्रही तसंच आहे. आत येणाऱ्या नायट्रोजनपैकी आडव्यात ०.७९ टक्के, तर उभ्यात फक्त ०.०२३ टक्के त्या रूपात उडतो. १०० वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २६५ पट तापवतो, मिथेन २८ पट.

वाफ्यात रोज ४ किलो बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) आणि २ किलो नायट्रोजन येईल असं धरलं, तर कार्बन डायऑक्साइडच्या मापात आडव्याचे रोज सुमारे १३ किलो होतात, उभ्याचे १ किलोहूनही कमी. एवढ्यावर उभा निवडावा का? आणि हे वायू जागेवर मोजता येतात का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

आकडेमोड बरोबर आहे, पण तुम्ही वाफ्यापासून सुरुवात केलीत. त्याच्या आधीची टाकी बघा. २०० जणींचा रोजचा बीओडी ८ किलो धरा. किलोमागे मिथेन जास्तीत जास्त ०.६ किलो आणि सेप्टिक टाकीचा गुणक ०.५. म्हणजे रोज २.४ किलो मिथेन, तुमच्या मापात ६७ किलो! दोन वाफ्यांमधला फरक त्यापुढे फारच लहान आहे, शिवाय हे गुणक सरासरीचे आहेत. प्रत्यक्षात ऊन, भार आणि झाडं यांनुसार ते बरेच हलतात.

माझं मत: उभ्यात पाणी वरून सोडायला सहसा पंप लागतो आणि विजेचा भरवसा नाही, म्हणून आडवाच करा. पण शौचालयाचं पाणी टाकीऐवजी बायोगॅस संयंत्रात न्या आणि गॅस स्वयंपाकघरात जाळा. न्हाणीघराचं पाणी त्यात मिसळू नका, ते थेट वाफ्यात सोडा. घुमट आणि नळ्या गळत नाहीत ना, हे नेमाने तपासा. गळती असेल तर सगळा फायदा गेला.

वाफ्यात पाण्याची पातळी खडीच्या माथ्याखाली थोडी ठेवा. वरच्या कोरड्या थरातले जिवाणू खालून येणारं काही मिथेन खाऊन टाकतात. खडी तुंबली आणि पाणी वर साचलं की तुमचा आडवा वाफा उघड्या तळ्यासारखा वागू लागतो. त्यामुळे आत येण्याच्या तोंडाशी जाळी आणि मोठे दगड हवेतच.

धागाकर्ती

मनापासून आभार. टाकीचा हिशेब समितीसमोर ठेवते. पाणकणीस लावू की नको? त्याच्या पोकळ दांड्यांतून मिथेन वर येतो असं वाचलंय.

प्रतिसाद १

येतो खरा, पण त्याच पोकळीतून मुळांशी ऑक्सिजनही उतरतो, म्हणून झाडाला दोषी धरू नका. वाळलेली पानं मात्र वाफ्यातच कुजू देऊ नका, कापून बाहेर काढा. मोजणीसाठी खडीवर उलटं भांडं घट्ट बसवून ठरावीक वेळाने सिरिंजने हवा काढतात आणि ती गॅस क्रोमॅटोग्राफवर (वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) तपासतात. जवळच्या कृषी किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात विचारा. पाणी आत येतं तिथे आणि बाहेर पडतं तिथे, दोन्हीकडे मोजा, तेही दिवसा आणि रात्री.

बाहेरचं पाणी ओढ्यात सोडू नका, बागेला द्या. आडव्या वाफ्यात अमोनिया बराचसा तसाच राहतो. तो झाडांना उपयोगी पडेल आणि वाडीची विहीरही वाचेल.