दप्तरात राहिलेला चाकू, आणि शाळेतून काढून टाकण्याची शिफारस (कॅलिफोर्निया)

शुभदा

शुक्रवारपासून डोळ्याला डोळा नाही, म्हणून इथे लिहितेय. मुलगा बारा वर्षांचा, सातवीत, पब्लिक स्कूलमध्ये. आदल्या शनिवार-रविवारी बाबांबरोबर कॅम्पिंगला गेला होता, तेच दप्तर घेऊन. आजोबांनी दिलेला घडीचा छोटा चाकू, कात्री आणि बूच काढायचा आकडा असलेला, पुढच्या कप्प्यात तसाच राहिला. आठवडाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. शुक्रवारी पेन्सिल शोधताना तो बाकावर पडला, शेजारच्या मुलीने बाईंना सांगितलं. त्याने तो उघडलाही नव्हता.

व्हाइस प्रिन्सिपलनी त्याला एकट्याला बसवून सगळं लिहून घेतलं आणि मग मला फोन केला. मी पोचले तेव्हा त्याचं पहिलं वाक्य, "आई, मला जेलमध्ये नेणार का?"

पाच दिवस सस्पेन्शन. पत्रात खाली आणखी एक ओळ: एक्स्पल्शनची शिफारस. येत्या गुरुवारी डिस्ट्रिक्ट ऑफिसात मीटिंग आहे. फोनवर सांगितलं की आपणहून दुसऱ्या शाळेत बदली मागितली आणि एका कागदावर सही केली, तर हिअरिंगची (सुनावणीची) वेळच येणार नाही. नवरा म्हणतो सही करून मोकळे होऊ, आपण एच-वन व्हिसावर, कशाला वाकड्यात शिरायचं. शाळेपुढे मान खाली घालायची हे मलाही लहानपणापासून शिकवलेलं. पण ही सही करवत नाही.

आजवर त्याची एकही तक्रार नाही, विसराळूपणा सोडला तर. एडीएचडी आहे (लक्ष टिकवणं, वस्तू आवरणं जड जातं), चौथीपासून आयईपी आहे, म्हणजे अशा मुलाला शाळेने काय मदत करायची याचा लेखी आराखडा. इथल्या नियमांची कुणाला नीट माहिती आहे का?

मृदुला

शुभदा, सही करू नकोस. एकेरीत लिहितेय, रागावू नकोस. आज मी ते फक्त आईसारखंच लिहू शकते.

नऊ वर्षांपूर्वी माझी लेक नववीत असताना कॉरिडॉरमधल्या एका भांडणात सापडली. आम्हाला असाच कागद दिला. त्यात हिअरिंगचा हक्क सोडल्याचं वाक्य होतं. ते वाचूनही आम्ही सही केली, कारण ऑफिसातली माणसं गोड बोलत होती आणि आम्हाला लाज वाटत होती. कॉलेजात गेल्यावर एकदा ती मला म्हणाली, "तेव्हा काय झालं होतं, ते तू मला विचारलंसच नाहीस." त्यानंतर मी हे कायदे वाचून काढले, आणि दोन कुटुंबांसोबत हिअरिंगलाही बसले. इथे वकील नसलेल्या सल्लागारालाही सोबत नेता येतं.

मुळाशी 1975 चा गॉस विरुद्ध लोपेझ हा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. ओहायोतल्या कोलंबसमध्ये 1971 साली शाळांमध्ये गडबड झाली आणि मुलांना दहा-दहा दिवस घरी पाठवलं. त्यातला लोपेझ म्हणत होता की जेवणघरात धिंगाणा झाला तेव्हा मी नुसता तिथे होतो. पण ते ऐकून घ्यायला कुणी त्याला समोर बसवलंच नाही. कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की सरकारने शाळा दिली की शिकणं ही त्या मुलाची मालमत्ताच झाली, आणि त्याचं नावही पणाला लागतं. म्हणून दहा दिवसांपर्यंतच्या सस्पेन्शनलासुद्धा आरोप काय ते सांगायचं, तो नाकारला तर पुरावा काय ते सांगायचं, आणि मुलाची बाजू ऐकायची. हे एरवी घरी पाठवण्याआधी व्हायला हवं. धोका असेल तर आधी बाहेर काढता येतं, पण मग लवकरात लवकर ऐकावं लागतं. इतक्या छोट्या शिक्षेसाठी वकील किंवा उलटतपासणी द्यायलाच हवी असं कोर्टाने म्हटलं नाही. त्याहून मोठ्या शिक्षेला जास्त औपचारिक पद्धत लागू शकते, हेही तिथेच नोंदवलं आहे.

कॅलिफोर्नियाचा एज्युकेशन कोड, म्हणजे राज्याचा शिक्षण कायदा, याच्या पुढे जातो. एका वेळी सलग पाच शाळेच्या दिवसांपेक्षा जास्त सस्पेन्शन नाही. एक्स्पल्शनचा निर्णय घेणाऱ्या स्कूल बोर्डाचा निर्णय होईपर्यंत ते वाढवायचं असेल, तर मुलगा शाळेत असण्याने धोका आहे किंवा शिकवण्यात अडथळा येईल असं ठरवावं लागतं, आणि त्याआधी तुम्हाला मीटिंगला बोलवावं लागतं. गुरुवारची मीटिंग बहुधा तीच. तिथे तुम्ही फक्त ऐकायला जात नाही आहात.

आता चाकू. कलम 48915 मध्ये चाकूची व्याख्या दिलेली आहे, आणि ती ऑफिसातल्या पुष्कळांनी वाचलेली नसते. भोसकण्यासाठी बनवलेलं पातं, साडेतीन इंचांहून लांब पातं, उघडल्यावर लॉक होणारा घडीचा चाकू, किंवा उघडा वस्तरा. आजोबांच्या चाकूचं पातं मोज आणि ते लॉक होतं का बघ. चाकू शाळेकडे असेल तर त्यांच्यासमोर मोजायला सांग. ते "धोकादायक वस्तू" या शब्दांकडे वळतील, तेव्हा कोणतं कलम लावताय ते लेखी माग. एक्स्पल्शनची शिफारस करण्यावाचून प्रिन्सिपलना पर्यायच नाही, असं चाकू दुसऱ्यावर उगारला तरच होतं. नुसता जवळ असल्यावर परिस्थिती बघून शिफारस न करण्याची मोकळीक त्यांना आहे. आणि बोर्डालाही नुसतं "चाकू सापडला" म्हणून भागत नाही. इतर उपाय शक्य नाहीत किंवा करूनही उपयोग झाला नाही, नाहीतर मुलगा सतत धोका आहे, यातलं एक सिद्ध व्हावं लागतं.

हिअरिंग झालीच तर किमान दहा दिवस आधी लेखी नोटीस येते, सगळे कागद पाहता येतात, साक्षीदारांना प्रश्न विचारता येतात आणि निव्वळ ऐकीव माहितीवर निर्णय देता येत नाही. त्याने लिहून दिलेल्या कागदाची प्रत आजच ईमेलने माग. शाळेतल्या नोंदी मागितल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत दाखवाव्या लागतात.

व्हिसाची भीती काढून टाका. 1982 च्या प्लायलर निकालानंतर कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही पब्लिक स्कूलचं दार बंद करता येत नाही, तुम्ही तर रीतसर आलेले आहात.

राजीव

मृदुलाताई, तुमचं सगळं मान्य करूनही एक सांगतो. लॉकडाउन ड्रिल (शाळेत हल्लेखोर शिरला तर लपून बसायची कवायत) करून घरी आलेल्या माझ्या सहा वर्षांच्या मुलीचा चेहरा मी पाहिलाय. शाळेने चाकूच्या बाबतीत कडक राहावं असंच मला वाटतं. बाकावर चाकू पडलेला बघून त्या शेजारच्या मुलीला काय वाटलं असेल?

मृदुला

राजीव, तिने सांगितलं ते योग्यच केलं, आणि शुभदाच्या मुलालाही घरी तसंच सांगायला हवं. चाकू काढून घेतला, पाच दिवस घरी बसवलं, यावर माझा आक्षेप नाही. पण शाळेतूनच काढून टाकणं ही वेगळी गोष्ट आहे. बंदूक आणणाऱ्या मुलाला एक वर्ष काढायला लावणारा 1994 चा केंद्रीय कायदासुद्धा प्रत्येक प्रकरण पाहून ती मुदत लेखी बदलण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना देतो. मग या मुलाचं प्रकरण पाहायला इतकी घाई का?

निनाद

शुभदाताई, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात. आयईपी! माझ्या मुलाचाही आहे, म्हणून हे तोंडपाठ.

आयईपी असलेल्या मुलाला सलग दहा शाळेच्या दिवसांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचं ठरलं, तर त्या निर्णयापासून दहा शाळेच्या दिवसांत एक बैठक घ्यावीच लागते. तिला मॅनिफेस्टेशन डिटर्मिनेशन म्हणतात. प्रश्न दोनच: हे वागणं त्याच्या अडचणीमुळे झालं का, किंवा तिच्याशी त्याचा थेट आणि ठळक संबंध आहे का, आणि शाळेने आयईपी न पाळल्याचा हा परिणाम आहे का. एकाचंही उत्तर "हो" आलं तर या कारणासाठी काढता येत नाही. त्याच्या आयईपीत दप्तर आवरण्याबद्दल, वस्तू सांभाळण्याबद्दल काही लिहिलंय का? आठवडाभर कप्पा न तपासणं म्हणजेच तर ते.

शस्त्राचा अपवाद ते सांगतील, म्हणजे उत्तर काहीही आलं तरी 45 शाळेच्या दिवसांसाठी दुसरीकडे हलवण्याचा. पण तो अपवाद केंद्रीय कायद्यातला, आणि तिथल्या शस्त्राच्या व्याख्येतून अडीच इंचांपेक्षा कमी पात्याचा खिशातला चाकू वगळलेला आहे. आणि उत्तर "नाही" आलं, मुलगा एक्स्पेल झाला, तरी त्याचं शिक्षण थांबवता येत नाही.

शुभदा

पातं सव्वादोन इंच. लॉक होत नाही. आत्ताच नवऱ्याला हे सगळं वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग उठून आयईपीची फाइल घेऊन आला. तिसऱ्या पानावर लिहिलंय, "दर सोमवारी शिक्षकांच्या मदतीने दप्तर व फोल्डर आवरणे." मुलाला विचारलं. म्हणाला, या वर्षी एकदाही झालं नाही.

शुभदा (बारा दिवसांनी)

सही केली नाही. गुरुवारच्या मीटिंगमध्ये मुलगा स्वतः बोलला, चार वाक्यं, खाली बघत, पण बोलला. सस्पेन्शन वाढवलं नाही, सोमवारी तो वर्गात होता. काल मॅनिफेस्टेशनची बैठक झाली. सोमवारचं दप्तर आवरणं झालं नव्हतं हे शाळेच्या बाईंनीच मान्य केलं. शिफारस मागे घेतल्याचं पत्र आज आलं. तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. एकच राहिलं: पाच दिवसांच्या सस्पेन्शनची नोंद तशीच आहे. पुढे कॉलेजला आड येईल का?

मृदुला

अगं, किती बरं वाटलं वाचून! सातवीतली नोंद कॉलेजला बहुतेक कुणी विचारत नाही. कॉमन अॅपने (पुष्कळ कॉलेजांना चालणारा एकच प्रवेश अर्ज) शाळेतल्या शिस्तभंगाचा प्रश्न 2021-22 पासून आपल्या अर्जातून काढलाय. पण नोंदीत "शस्त्र" असा शब्द असेल तर दुरुस्तीचा लेखी अर्ज दे. नाकारला तर तुमचं निवेदन फाइलला जोडून घ्यायला लाव. ते त्यालाच लिहू दे, तू फक्त शेजारी बस.