लाल कॉलनी, १६एस ९७.९ टक्के: नवी स्पीशीज म्हणायची का?

खारट_प्लेट
नमस्कार मंडळी. मिठागराच्या पाण्यातून, २५ टक्के मिठाच्या माध्यमावर एक कॉलनी मिळाली आहे. प्लेट वाळू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ३७ अंशांना ठेवली होती. बाराव्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसला, आता काचेच्या मण्यासारखा लाल झालाय. २७एफ प्रायमरने (जनुकाच्या प्रती काढायला लागणारा डीएनएचा छोटा तुकडा) काहीच वाढलं नाही, तो जिवाणूंसाठीचा. आर्कियाचा (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या वंशाचे सूक्ष्मजीव) २१एफ घेतला आणि बँड आला, म्हणजे प्रती निघाल्या. १६एस (सूक्ष्मजीव ओळखायला वाचतात ते जनुक) हॅलोआर्कुला या आर्कियाच्या जीनसशी ९७.९ टक्के जुळतो. याच्या खाली गेलं की वेगळी स्पीशीज, ती मर्यादा ९८.६५ ना, मग ही नवी स्पीशीज?

अडचण अशी की क्रोमॅटोग्राममध्ये (सीक्वेन्सचा आलेख, डीएनएच्या एका अक्षराला म्हणजे बेसला एक शिखर) मधूनच एकावर एक दोन शिखरं येतात. मॅडम म्हणतात भेसळ आहे, टाकून दे. तीन वेळा स्ट्रीक केलंय (एकेक कॉलनी सुटी होईल असं नव्या प्लेटवर पसरवलंय). मला टाकवत नाही.

खारे_पाणी
अजिबात टाकू नका! हॅलोआर्कुला म्हटल्यावर दोन शिखरं दिसली तर आधी भेसळीचा नाही, त्या जीवाचाच विचार करायचा. या जीनसमध्ये एकाच पेशीत १६एसच्या एकाहून जास्त प्रती असतात आणि त्या एकसारख्या नसतात. मृत समुद्रातल्या हॅलोआर्कुला मारिसमॉर्टुईमध्ये हा फरक ५ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे एकाच जीवाच्या दोन प्रती ९८.६५च्या मोजपट्टीवर दोन स्पीशीज ठरतील. मी हे स्वतः भोगलंय. क्लोन करून सीक्वेन्स केले, दोन वेगळे निघाले, आणि आठवडाभर मी दोन जीवांच्या मागे धावत होतो. प्लेटवर एकच होता.

तुमचा ९७.९ हा आकडाही तेवढ्यासाठी धरू नका. जिथे शिखरं एकमेकांवर चढलीत तिथला बेस सॉफ्टवेअरने अंदाजाने लावलाय, आणि जुळणी कुठल्या प्रतीशी झाली तेही कळत नाही.

१६एसऐवजी आरपीओबी-प्राइम हे दुसरं जनुक सीक्वेन्स करा. त्याची प्रत एकच असते. तिथे शिखरं स्वच्छ आली तर भेसळीचा संशय बहुतेक मिटला आणि दुहेरीपणा १६एसचाच. तिथेही दुहेरी आली तर मॅडमचं बरोबर, पुन्हा स्ट्रीक. ही एक चाचणी मॅडमना दाखवा, वाद घालावा लागणार नाही.

नवी स्पीशीज ठरते ती जीनोमवर. सगळ्यात जवळच्या टाइप स्ट्रेन्सशी (स्पीशीजचे अधिकृत नमुने) एएनआय ९५-९६ टक्क्यांच्या खाली आणि डिजिटल डीडीएच ७० टक्क्यांच्या खाली हवं; दोन्ही पूर्ण जीनोम किती सारखे आहेत त्याची मापं. जमलं तर लाँग रीड (डीएनएचे लांब तुकडे वाचणारं सीक्वेन्सिंग) घ्या. शॉर्ट रीडमध्ये या प्रती एकमेकांत मिसळतात, आणि नेमकं तेच तुम्हाला बघायचंय.

सूक्ष्मदर्शी
ग्राम स्टेन (पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची पद्धत) नेहमीसारखा करू नका. पाण्याने धुतलं की पेशी फुटतात, स्लाइडवर नुसता चिकट थर उरतो. ड्युसॉल्टची १९५५ची पद्धत आहे: २ टक्के ॲसेटिक ॲसिडने मीठ काढणं आणि पेशी पक्क्या करणं एकदमच होतं. आणि नुसत्या लाल रंगावर आर्किया म्हणू नका. २००२मध्ये वर्णन झालेला सॅलिनिबॅक्टर रुबर लालच आहे, पण जिवाणू. तुमच्या बाबतीत २१एफने तो प्रश्न मिटलाय.

खारे_पाणी
हो, आणि नाव द्यायची वेळ आली तर कल्चर दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा असायला लागतं, जर्मनीचं डीएसएमझेड, जपानचं जेसीएम असे. त्याशिवाय नाव वैध होत नाही. ग्लिसरॉल स्टॉक आजच करून ठेवा, मिठाच्या द्रावणातच. साध्या पाण्यातल्या ग्लिसरॉलमध्ये टाकलात तर सगळं गेलं.

खारट_प्लेट
स्टॉक तसाच केला, चार नळ्या. मॅडमना क्रोमॅटोग्राम पुन्हा दाखवला, आरपीओबी-प्राइमचे प्रायमर मागवायला त्या तयार झाल्या. कॉलनी सध्या पिशवीतच आहे, रोज सकाळी आधी तीच बघते.