कॅथरिना शरण जाते की मोडली जाते?

वाचनवेडी: शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’मध्ये, म्हणजे कजाग बाईला वठणीवर आणण्याच्या त्या नाटकात, वर्चस्व वगैरे काही नाही, तो नवरा-बायकोचा खेळ आहे आणि शेवटी कॅथरिना राजीखुशीने शरण जाते, असं काल इथे एकाने ठोकून दिलंय. राहवत नाही म्हणून लिहिते. चौथा अंक काढा. मांस करपलंय म्हणून तिचा नवरा पेत्रुकिओ ताटं भिरकावतो. अंथरुणात खोड काढून तिला झोपूही द्यायचं नाही, हा पुढचा बेत. आणि हे सगळं म्हणे तिच्या काळजीपोटी! ससाणा उपाशी ठेवून माणसाळवतात तसं चाललंय, हे तो स्वतःच सांगतो. खेळाला दोघांची राजी लागते. तिला कुणी विचारलं?

जुना प्रेक्षक: ताई, प्रहसन आहे ते. नवरा म्हणतो म्हणून सूर्याला चंद्र म्हणायचा प्रसंग बघा. म्हाताऱ्या व्हिन्सेन्शिओला ती बेधडक ‘तरुण कुमारिका’ म्हणते, म्हणजे नवऱ्यावरही कडी! शेवटचं ४४ ओळींचं भाषण तर नाटकातलं सगळ्यात मोठं. मोडलेली बाई एवढं बोलते?

वाचनवेडी: बोलते. माझी आत्या बोलायची. नवऱ्याने चारचौघांत पाणउतारा केला की तीच आम्हाला त्याचे गुण सांगत बसायची. आम्ही पोरं हसायचो. बिचारीला त्या घरात दिवस काढायचे होते.

पडद्यामागचा: तुम्ही दोघंही अर्धंच नाटक वाचताय. हे सगळं क्रिस्टोफर स्लाय नावाच्या दारुड्याला दाखवलेलं नाटक आहे! दर वेळी त्याच्यावरच कात्री. आमच्या दिग्दर्शकाने पहिल्याच वाचनात तो उडवला, मी भांडलो तरी.

जुना प्रेक्षक: १६२३च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहात, स्लाय शेवटी परत येतच नाही. मग नाटकाभोवती त्याची कसली चौकट?

पडद्यामागचा: १५९४मध्ये छापलेल्या, त्याच गोष्टीच्या ‘टेमिंग ऑफ अ श्रू’त येतो ना! जागा होतो आणि बायकोला वठणीवर आणायला घरी निघतो. न वाचता बोलू नका.

जुना प्रेक्षक: ते वेगळं नाटक आहे. उगाच अंगावर येऊ नका.

वाचनवेडी: वेगळं असेना, बघणाऱ्याने काय धडा घेतला ते तर कळलं? आणि हे आजच्याच बायकांना खटकतं असंही नाही. शेक्सपिअरच्या हयातीतच फ्लेचर या नाटककाराने याच्या पुढचं नाटक लिहिलं. त्यात पेत्रुकिओची दुसरी बायको मारिया दारं लावून बसते आणि त्यालाच सरळ करते.

जुना प्रेक्षक: बरं, चौथा अंक क्रूर आहे. झालं समाधान? पण शेवटच्या भाषणाचा मुद्दा मी सोडणार नाही.

वाचनवेडी: नका सोडू. त्याच भाषणाच्या शेवटी ती नवऱ्याच्या पायाखाली हात ठेवायला तयार होते. तिथे खेळ कुठे दिसतो, तेवढं दाखवा.